एकेचाळिसाव्या दिव्याखालची भिंत

—नाही, तो कठडा धरू नका, गंजलाय, हात कापेल. भिंतीला टेकून उतरा. माझी काळजी नको हो, या पायऱ्या माझ्या पायांना पाठ आहेत, टॉर्च तुम्ही तुमच्याच पायांवर मारा. आणि ते आवाज भरायचं यंत्र चालू झालं ना? लाल दिवा दिसतोय, म्हणजे झालं. भरू दे सगळं. मी काही कानात कुजबुजणारी बाई नाही.

तर वर काय म्हणत होते मी—तुमचा तो फलक. तुम्ही तिकीटखिडकीवर कागद ठेवून पाणी प्यायला गेलात, तेवढ्यात मी वाचला. वाचणारच! समोर ठेवलेलं वाचू नये असं मला कुणी शिकवलं नाही, कारण मला कुणी काहीच शिकवलं नाही—मी माझी शिकले. बाकी सगळं छान लिहिलंय. डोंगर कसा पोखरला, धक्क्यापासून वरच्या पेठेपर्यंत ट्राम कशी धावायची, सगळं. पण शेवटी काय लिहिलंत? 'तपासनिसाच्या निष्काळजीपणामुळे छत कोसळून ट्रामचालकाचा मृत्यू झाला व बोगदा बंद करण्यात आला.' बाई, तो तपासनीस माझा नवरा. पुढच्या महिन्यापासून लोक पोराबाळांना घेऊन इथं येणार आणि हे वाचणार. ती ओळ काढायची. तेवढ्यासाठी आले मी, नाहीतर गुडघ्यांची ही अशी गत असताना मला कुठली आली आहे बोगदे बघायची हौस?

चला, चला, इथं काही नाही. रूळ उपटून नेले, केबलचे हूक तेवढे राहिलेत. आणि ही पाटी बघा—'थांबा'. पुढे वाचायला शिकले तेव्हा मला वाचता आलेला पहिला शब्द, आकार डोळ्यांत बसलेला होता म्हणून. मी इथं धुणारी होते ना! दुपारी बारा ते दोन ट्राम बंद, त्या वेळात आम्ही चौदा बायका बादल्या घेऊन उतरायचो. ट्रामच्या ब्रेकची काळी भुकटी बसायची टाइल्सवर, ती काथ्यानं घासायची. प्रत्येकीला दहा दिव्यांची भिंत वाटून दिलेली. माझी एकेचाळीस ते पन्नास. त्यात तोंड दिसायचं, तोंड! मुकादमीण म्हणायची, हिच्या भिंतीपुढे उभं राहून वेणी घालावी.

आणि आमचे हे—ठोकेमास्तर. सगळे तसंच म्हणायचे. त्यांचं काम एकच, हातोडीनं भिंत ठोकत जायचं आणि ऐकायचं. भरीव असेल तर टण्ण वाजते, आत सुटली असेल तर भद्द. भद्द वाजलं की तिथं खडूनं गोल काढायचा. मग गवंड्यानं येऊन तो भाग फोडून नव्यानं बांधायचा. झालं. वही नाही, कागद नाही—ह्यांना लिहिता येत नव्हतं, गवंड्यालाही नाही. बरं, तोंडानं सांगावं, तर दोघांचं अकरा वर्षं बोलणं बंद! कशावरून? एका हातोडीवरून. हे म्हणायचे त्यानं नेली, तो म्हणायचा मुळात माझीच. समोरासमोर आले की दोघं छताकडे बघत जायचे. हसताय? आम्हीही हसायचो. गवंडी म्हणायचा, मास्तरांचा खडू माझ्याशी बोलतो, तेवढं पुरे. आणि खरंच पुरायचं. अकरा वर्षांत एक वीट पडली नाही.

म्हणून सांगते, निष्काळजी म्हणू नका. घरी आले तरी हात थांबायचा नाही त्यांचा. शेजारणीनं नवं कपाट घेतलं, कौतुकानं दाखवायला बोलावलं, तर ह्यांनी दोन बोटांनी ठोकून सांगितलं, वहिनी, हे आतून भुसा आहे. शेजारीण वर्षभर माझ्याशी—इथं नको थांबायला. पुढे चला. पुढे हवेचा झरोका आहे, तो बघण्यासारखा आहे. काय मोजताय? हो, एकेचाळीसच. भिंत सुटून छत पडलं ते इथंच. ते काँक्रीटचं ठिगळ बघितलंत ना? बघून झालं. चला.

पुरावा? पुरावा कसला हवाय? खूण होती म्हणते ना मी. चौकशीवाल्या साहेबांनी हेच विचारलं, खूण दाखवा. पडलेल्या टाइल्सचा ढीग होता इथं कमरेएवढा, आम्हा धुणाऱ्यांनाच लावलं शोधायला. एकेक तुकडा उचलायचा, उजेडात धरायचा, खडू दिसतोय का बघायचं. दोन दिवस शोधत होतो. मीही शोधत होते—सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांच्या नंतर उठायचे. ह्यांना त्या तिथं उभं केलं होतं, रुळांच्या पलीकडे. प्रत्येक तुकडा उचलला की मान पुढे करायचे.

नाही सापडली. म्हणून काय नव्हती असं होतं का? मी बघितलीय ना! वितभर गोल, आत तिरकी रेघ. हे डावरे होते, म्हणून त्यांचा गोल खालून जरा चेपलेला असायचा. खडू जाड दाबून काढायचे. साधं फडकं मारून जायचा नाही तो—ओला काथ्या दोनदा फिरवावा लागला, आधी रेघ गेली, मग गोल, आणि तरी कड जरा—

काय?

बंद नका करू ते. चालू दे, चालू राहू दे म्हणते ना! मला दमबिम काही लागलेला नाही. मघापासून तुम्हीच इथं थांबायचं थांबायचं करत होतात, आता मी थांबले तर तुम्हाला निघायची घाई?

नियम होता, बाई. खुणेच्या भोवती वितभर जागा सोडून धुवायचं. नवी बाई आली की पहिल्या दिवशी पहिलं हेच सांगायचे. मी स्वतः सांगितलंय कितीजणींना. पण त्या दिवशी बडे साहेब येणार होते. आणि माझ्या भिंतीवर, ऐन मधोमध, काळ्या भुकटीचं एवढं ठिगळ सोडायचं? बाकी सगळ्यांच्या भिंती लखलखीत आणि माझी डागाळलेली? मी म्हटलं, पुसते, संध्याकाळी ह्यांना सांगते, उद्या परत काढतील. घरचाच तर माणूस.

आणि साहेब थांबले हो माझ्या भिंतीपुढे. विचारलं, ही कुणी धुतली? संध्याकाळी हे घरी आले ते हवेत. जेवताना दोनदा सांगितलं, झोपताना तिसऱ्यांदा. म्हणाले, सबंध बोगद्यात तुझीच भिंत. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, माणूस कधी असं बोलला नव्हता. मला त्यावर विरजण घालवेना. सकाळी सांगते म्हटलं. सकाळी ते पलीकडच्या टोकाला गेले—एक दिवस हे टोक, एक दिवस ते टोक, अशी पाळी असायची. मला ठाऊक होतं, या बाजूला ते उद्याच येणार. म्हटलं, एका दिवसानं काय होतंय.

आठ वाजता गवंडी आला, इथून तिथवर बघितलं, खूण नाही, घमेलं उचलून निघून गेला. दहाची ट्राम आली. तो चालक आम्ही धुणाऱ्या दिसलो की दोनदा घंटी वाजवायचा. उगाचच. त्याच्या बायकोला मी भेटायला गेले होते, तर तिनं मला दारातून आत घेतलं नाही. निष्काळजी माणसाची बायको म्हणून. मला वाटलं, बरं झालं. निदान कुणीतरी मला दारात उभं केलं.

नऊ वर्षं जगले हे नंतर. रोज सकाळी विचारायचे, मी खूण केली होती ना गं? शेवटी शेवटी त्यांना स्वतःलाच आठवेना. ज्या माणसाला दहा हजार टाइल्समधली कुठली बोलते ते कळायचं, तो माणूस आपल्याच हाताकडे बघत बसायचा. मी म्हणायचे, मला काय माहीत, मी माझं काम करत होते. असंच म्हणायचे. जोरात. भांडी आपटत.

वाचायला का शिकले, विचारत होतात ना वर? चौकशीचा अहवाल वाचायला. माझं नाव आलंय का बघायला. पाट्यांवरची अक्षरं जोडून जोडून दोन वर्षं लागली, मग तो कागद मिळवला. नव्हतं. चौदा पानांत कुठंच नव्हतं. आनंद झाला मला, बाई. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. आणि बाजूच्या खोलीत हे झोपले होते.

नाही, नाही, ओळ गाळून टाकायची नाही! मघाशी मी तसं म्हणाले, आता नाही म्हणते. लिहा. तपासनिसानं खूण केली होती. ती धुणाऱ्या बाईनं पुसली. ती बाई त्याची बायको. लोक मला काय म्हणतील ते म्हणू देत, मी अजून आहे ऐकायला, ते नाहीत. लिहा, इथंच उभ्या उभ्या लिहा, वर गेलात की तुम्हाला माझी दया येईल.

काय लिहिलंत? टॉर्च वर घ्या जरा. उलटं असलं तरी वाचता येतं मला. '…पत्नीने नजरचुकीने—' नजरचुकीने? हे कोण म्हणालं? मी म्हणाले का? मी गोल बघितला, कुणाचा ते ओळखलं, कशासाठी ते मला ठाऊक होतं, आणि पुसला. खोडा तो शब्द. असा नाही, खाली दिसतोय अजून. पूर्ण खोडा.

हं. आता जा तुम्ही वर. नको, हात नको. टॉर्चही घेऊन जा. जा म्हटलं ना—