बोटावरचं तेल

सून : इंजिनखालचं बूच काढलंय, बाबा. हे बघा, हातात आहे माझ्या.

सासरा : मग तेल कुठंय?

सून : आतच. पडत नाही.

सासरा : असं कसं पडत नाही? सरक, मी बघतो.

सून : वाकू नका, कंबर धरेल. टॉर्च इकडं मारा फक्त. दिसलं? भोकातून जिभेचं टोक काढावं तसं जरासं बाहेर आलंय आणि तिथंच थांबलंय. खाली परात ठेवून मी कधीची वाट बघतेय, एक थेंब नाही.

सासरा : बाप रे.

सासू : काय झालं गं? मघाशी किल्ली फिरवलीस तेव्हा ते कण्हल्यासारखं काय वाजलं?

सून : तुमच्या नवऱ्याची माया वाजली, आई. काल संध्याकाळी मी जरा पडले होते, तेवढ्यात बाबांनी माझ्या अ‍ॅम्ब्युलन्सचं तेल बदललं. माझं काढलं, आपलं जाड घातलं. मला एका शब्दानं विचारलं नाही.

सासू : अहो, खरं?

सासरा : वर खिंडीपलीकडं माझी लेक आहे. पहिलटकरीण. ही गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत तो घाट चढणार, इंजिन भट्टीसारखं तापणार, आणि आत काय? पाणी. मी बोटांत धरून बघितलं ना. चोळलं तर बोटं नुसती घसरत होती, काही पकडच नाही त्याला.

सून : तुमची लेक माझी नणंद आहे. आणि पहाटे फोन तिनं मला केला, तुम्हाला नाही. कळा सुरू झाल्यात. तुमचा मुलगा बर्फ काढायचं मशीन घेऊन पुढं गेलाय आणि मला सांगून गेलाय, मागोमाग ये, वारा रस्ता लगेच बुजवतोय. मी आले, किल्ली फिरवली, आणि गाडी कण्हली. आता काय सांगू तिला? थांब म्हणू? कळांना थांब म्हणू?

सासू : आता हे भाऊजींच्या ट्रकची गोष्ट सांगतील.

सासरा : सांगीन. का नको सांगू? त्याच घाटात, पातळ तेलावर, इंजिन जाम झालं त्याचं. बेअरिंगं वितळली होती, मी स्वतः खोलून बघितलं. चालत खाली आला तो. गारठ्यानं पायाची बोटं गेली.

सासू : गोष्ट खरी आहे, हो. पण ते उन्हाळ्यात गाडी चालवत असल्यासारखे कपडे घालून निघाले होते, तेही सांगा.

सून : आई, मघाशी काढून दिलेली बॅटरी शेगडीजवळच आहे ना अजून?

सासू : आहे. माझं भांडं ठेवायला जागा नाही, पण तुमची बॅटरी ऊन खात बसलीय.

सून : राहू दे तिथंच. आणि पाटीभर निखारे द्या, वर राख घालून. बाबा, बूच परत लावते आधी, मग निखारे खाली सरकवू. तेल सुटेपर्यंत वेळ जाणार. माझं तेल कुठं ओतलंत?

सासरा : ओतलं नाही. नवं होतं, टाकवेना. त्या कोपऱ्यात डब्यात आहे.

सून : रात्रभर इथंच? उघड्या शेडमध्ये?

सासरा : मग काय अंथरुणात घेऊ?

सून : जरा तिरका करा तो डबा. परातीत. करा तर खरं.

सासरा : हा घे, केला तिरका.

सून : काय दिसतंय?

सासरा : पडतंय.

सून : तुमचं कसं होतं?

सासरा : अगं, पण हे एकाच शेडमध्ये होतं. एकाच गारठ्यात. तुझं असं मधासारखं पडतंय आणि माझं... माझं तर डांबर झालं.

सून : काल बोटांत धरलंत तेव्हा कुठं होतात?

सासरा : कुठं म्हणजे? आत. शेगडीपाशी. तेल नेहमी आतच बघतो मी. आजवर कितीजण आले, गाड्या घेऊन, डबे घेऊन, नुसतं माझ्या बोटांनी जोखून घ्यायला.

सून : म्हणजे नेहमी गरम खोलीत, गरम बोटांत.

सासरा : माणसाची बोटं गरमच असणार.

सून : तेच सांगतेय, बाबा. तुमच्या बोटांना जिवंत माणसाच्या अंगाएवढीच ऊब ठाऊक. पहाटेचं इंजिन तेवढं गरम नसतं, ते मेलेलं असतं. आणि चढावर ते इतकं तापतं की तिथं बोट घातलंत तर सोलून निघेल. तुमची परीक्षा बरोबर आहे. पण ती मधल्या एकाच जागेची आहे. इंजिन जगतं-मरतं ते दोन टोकांना.

सासू : निखारे आणलेत. कुठं ठेवू?

सून : इथं, तेलाच्या टाकीच्या बरोबर खाली. जरा लांब. हं, बस.

सासरा : थंडीचं पटलं. डोळ्यांनी बघितलं, नाही कसं म्हणू? पण चढाचं काय? आत्ताच मधासारखं आहे, तापल्यावर त्याचं काय उरणार? भावाचं इंजिन त्यातच गेलं होतं.

सून : तुमची भीती खोटी नाहीच. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ऑफिसनं मला त्याहून पातळ तेलाचा डबा पाठवला होता, शून्य-वीसचा. कुठल्याशा सपाट गावात गरम हीटरपुढं बसून कोणीतरी ठरवलं, थंडी आहे ना, द्या सगळ्यात पातळ. या घाटाचं तोंडही बघितलेलं नाही त्यानं. मी परत पाठवला. हे पाच-चाळीस आहे. पहिला आकडा गारठ्यातला, जितका लहान तितकं लवकर धावणार. दुसरा तापल्यावरचा, तो मोठा हवा, म्हणजे भाराखाली धरून राहतं.

सासरा : डब्यावर छापायला काय जातं?

सून : मग छापलेलं सोडा. आई, पाणी उकळतंय का?

सासू : बाळंतिणीच्या बातमीला घरात पाणी उकळतच असतं. का?

सून : स्टीलचे दोन उंच पेले द्या. एकात माझं ओतते, दुसऱ्यात बाबांचं उरलेलं. तुमचं ओतत नाही हो, बाबा, चमच्यानं काढावं लागतंय.

सासू : माझ्या चमच्यानं?

सून : नवा आणून देईन. आता पेले उकळत्या पाण्यात उभे करा, आत पाणी जाऊ देऊ नका. आणि बाबा, तुमच्या डब्यातले बेअरिंगचे दोन छर्रे द्या. सारखे. चला आत, तोवर निखारे त्यांचं काम करतील.

सासरा : यानं काय कळणार?

सून : छर्रा वरून सोडायचा आणि तळाला लागल्याचा आवाज ऐकायचा. तेलानं धरलं तर उशिरा वाजेल. पाणी झालं असेल तर लगेच. आई, तापलं असेल आता. तुम्ही सोडा, तुमचा हात कोणाची बाजू घेणार नाही.

सासू : एकदम सोडू दोन्ही? हे घ्या. ऐकलंत?

सासरा : एकच आवाज आला.

सून : दोन आले. लागून आले.

सासरा : पुढचा कुठला?

सून : माझा. केसभर.

सासरा : परत सोड. थांब, डोळे मिटतो. ... हं. केसभरच. अगं, हे बाहेर मधासारखं होतं आणि माझं दगड. आणि इथं उकळत्या पाण्यात दोघं खांद्याला खांदा लावून. म्हणजे माझं सगळं अवसान गळालं, आणि हे... हे जवळजवळ तिथंच राहिलं. गारठ्यात जाड झालं नाही, तापून विरघळलं नाही. एकच तेल. असं कोणी केलं गं?

सून : कोणीतरी केलं. त्याचंही बोट भाजलं असेल आधी.

सासू : परत सोडू का? यांना नाटक आवडलेलं दिसतंय.

सासरा : नको. चल बाहेर. आधी निखारे बाजूला ओढू. फिल्टरही काढू, त्यात माझंच भरलंय. आणि तू बूच नको काढूस आता. मी काढतो.

सून : कंबर?

सासरा : माझी कंबर माझ्याजवळ राहू दे. हे बघ. सुटलं. पडतंय सगळं. पड बाबा, पड.

सासू : स्वतःच्याच तेलाला हाकलताय.

सासरा : हाकलतोय. हं, बूच लागलं. आण तो डबा. मीच ओततो. सूनबाई, बॅटरी जोड. तुझ्या मापानं किती ते सांग.

सून : पट्टीवर वरच्या खुणेपर्यंत. वर नको. हं, पुरे. फिरवू?

सासरा : फिरव. सावकाश फिरव गं.

सून : ...लागली.

सासू : एका दमात लागली की.

सासरा : तेलाच्या दाबाचा दिवा? विझला?

सून : विझला.

सासरा : लगेच?

सून : लगेच.

सासरा : या गारठ्यात, खालून वरच्या टोकापर्यंत, इतक्यात पोचलं. आयुष्यभर इंजिनं खोलली मी. आतलं सगळं लोखंड ओळखतो. पण ते एकमेकांना लागत नाही म्हणून चालतं. मधे एवढासा थर, नखानं खरवडला तर हाताला येणार नाही, आणि त्याच्यावर ही सगळी गाडी. माझी लेकही त्याच्यावरच येणार खाली.

सून : दार उघडा, बाबा. वारा रस्ता बुजवतोय.

सासरा : जा. आणि ऐक, चढावर...

सून : तापमानाचा काटा बघत राहीन.

सासरा : तसं नाही. मी विचारायला हवं होतं तुला. गाडी तुझी आहे.

सून : ते परत आल्यावर सांगा. पूर्ण ऐकायचंय मला, वेळ घेऊन.

(दुपार. शेडमध्ये गाडीची जागा रिकामी. फोन वाजतो.)

सासू : बोल गं, दोघंही आहोत. यांनी फोन माझ्या कानाला लागूच दिला नाही, स्पीकरवर टाकलाय.

सून : दवाखान्यात पोचलो, आई. परत येताना, खिंड गाठायच्या आधीच झालं, गाडीत. मुलगी. नर्स होती सोबत, सगळं नीट. ताई झोपलीय.

सासू : गाडीत? चढावर?

सून : चढावर. गाडी थांबवता येत नव्हती, थांबवली असती तर मागं घसरली असती. नर्स म्हणाली, चालवत राहा, झटका देऊ नका. मी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि नुसती ऐकत राहिले. इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. मग मागून रडण्याचा आवाज आला.

सासू : अहो, काटा विचारा ना, मघापासून काटा काटा करत होतात.

सासरा : बोटं बघितलीस तिची?

सून : बघितली.

सासरा : कशी आहेत?

सून : गरम, बाबा.