डमरूची टिक

नाही नाही, तिथे नका बसू, ती तिची खुर्ची. इकडे या, माझ्या मशीनवर. आणि दार जरा लोटून घ्या — नुसतं लोटा, पूर्ण लावलं की लोकांना वाटतं आत काहीतरी शिजतंय. सरांनी सांगितलंच असेल तुम्हाला, माझ्या कॉम्प्युटरला रोज कोणीतरी हात लावतंय. कोण ते मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही फक्त तपासायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. चार वाजता सर तिला केबिनमध्ये बोलावणार आहेत. तुमचा कागद हातात असला की तिला घरी पाठवायला बरं.

ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर येतं ना तुम्हाला? थोडंफार? मग ऐका. आपण रेघ ओढतो, कर्सर दुसऱ्या रेघेजवळ नेला की तो आपोआप तिला चिकटतो — त्याला म्हणायचं स्नॅप. नेमका कुठे चिकटला त्याची खूण उमटते. बरोबर टोकाला चिकटला तर चौकोन, टोकाच्या आसपास कुठेतरी चिकटला तर डमरू. यातलं काय चालू ठेवायचं, काय बंद, ते सेटिंगमध्ये टिक करून ठरवायचं. मी सगळं चालू ठेवतो, हवी कशाला काटकसर? आणि सकाळी येऊन बघतो तर डमरूची टिक गायब. मी परत करतो, दुसऱ्या दिवशी परत गायब. बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? तर खुणासुद्धा मोठ्या करून ठेवल्यात. बघा हा चौकोन, शर्टाच्या बटणाएवढा. आधी नाजूक हिरवा होता, आता भडक पिवळा. म्हाताऱ्या माणसाची टिंगल, दुसरं काय? ते मात्र मी तसंच ठेवलंय — पुरावा म्हणून.

कोण म्हणजे — ही पलीकडच्या टेबलावरची. आवाज बारीक, म्हणून मी चिमणी म्हणतो तिला. सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा पट्टी सरळ धरता येत नव्हती. सगळं मी शिकवलं, काका काका करत मागेमागे असायची. आता पंख फुटले, आता काकांची खुर्ची हवी. ऑफिस साडेनऊचं आणि ही नऊला हजर. काय काम असतं हो माणसाला अर्धा तास आधी? विचारलं तर म्हणते, बस लवकर मिळते. मिळते! मला काय दुधखुळा समजते?

आणि पुरावाच म्हणाल तर — गेल्या मंगळवारपासून बाई तीन दिवस रजेवर, बहिणीचं बाळंतपण. नेमकं त्याच तीन दिवसांत माझं लोखंडी जिन्याचं ड्रॉइंग वर्कशॉपला गेलं आणि चुकलं. जिना वर टेकेचना. फोरमनने फोनवर सरांना नाही नाही ते ऐकवलं. बत्तीस वर्षांत माझ्या रेघेकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. ती असताना एक ड्रॉइंग चुकत नाही, ती नसताना चुकतं — याचा अर्थ काय? अर्थ सरळ आहे, आधीच काहीतरी करून गेली आणि स्वतः नामानिराळी. असे काय बघताय? पटत नाही?

कुठली खूण? ही? ही चौकोन. डमरू? छे, तुम्ही खुणा बारीक केल्यात ना आधीसारख्या, म्हणून — शिवाय खिडकीचा उजेड पडतोय. चौकोनच आहे. तुम्हीसुद्धा माझ्या बायकोसारखेच. ती मुद्दाम सुई ओवायला देते आणि बघत बसते. शेवटी नेलंच तिने डॉक्टरकडे. कडेचं दिसतं हो मला, मधलंच जरा पुसल्यासारखं — हे लिहू नका. हे घरचं आहे, मशीनचं नाही. सरांनाही माहीत नाही.

काय सापडलं? सर्व्हरवरच्या जुन्या प्रती? हो, तो ठेवतो रोजच्या. कालची संध्याकाळची माझी, आणि आज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांची — बघा, सापडली की नाही! तेव्हा मी घरी चहा पीत होतो. उघडा, दोन्ही शेजारी शेजारी उघडा. मोठं करा. अजून मोठं. हे कोपरे उघडे का आहेत? ही रेघ त्या रेघेच्या टोकाला चिकटलेलीच नाही, नुसती आसपास — इथेही नाही? आणि नऊ वाजून पाचच्या प्रतीत?

सगळे मिटलेत.

बरं, परवाची? तिच्या आधीची? आणि जिन्याची, ती रजेवर होती तेव्हाची — राहू द्या, नका उघडू. कधीपासून चाललंय म्हणता? आठ महिने?

आठ महिने एक शब्द बोलली नाही. मलाही नाही, सरांनाही नाही. परवा मी सगळ्यांसमोर तिला चोर म्हणालो, तेव्हाही नाही. मान खाली घालून उभी होती, मला वाटलं शरमली.

भीती वाटते हो मला. खरं सांगतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, डोळ्यांचं कळलं तर सर उद्या घरी बसवतील, आणि मला रेघेशिवाय दुसरं काही येत नाही. ती तरुण आहे, हुशार आहे, तिला कुठेही मिळेल. मिळेल ना? मीच शिकवलंय तिला.

पावणेचार झाले. लिहा. काय म्हणजे, जे आहे ते लिहा — दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर न विचारता सेटिंग बदलली, फाइली बदलल्या, रोज, ऑफिस सुरू व्हायच्या आधी. यात एक अक्षर तरी खोटं आहे का? का बदलल्या, ते तुम्हाला कोणी विचारलंय? मग लिहा ना. माझ्याकडे काय बघताय, कागदाकडे बघा.

झालं? एवढंच? आणा इकडे — हे अक्षर जरा बारीक आहे तुमचं. वाचून दाखवता का, काय लिहिलंत ते?

नको. राहू द्या. वाचू नका. सरांकडे देऊन टाका आणि निघा तुम्ही.