उरलेल्या रबरी कडीबाबत पुरवणी जबाब

नाव व पत्ता पहिल्या जबाबात दिल्याप्रमाणेच. वय ३९ वर्षे, धंदा नोकरी, नळ बनवण्याच्या कारखान्यात तपासनीस. मला कोणी बोलावलेले नाही. आज १९ तारखेला सकाळी ११.१० वाजता स्वतःहून ठाण्यात हजर राहून सांगतो ते असे:

मी वरील पत्त्यावर मावशीसोबत राहतो. मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, वय ६८ वर्षे, घरीच शिवणकाम करते. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून मावशीनेच मला वाढवले. घरात आम्ही दोघेच. तयार नळ दाबाखाली गळतो का हे पाहणे हे माझे कारखान्यातले काम. चौदा वर्षे तेच करतो.

मला कॉम्प्युटरवर गेम खेळायचा नाद आहे. खेळताना मशीन फार तापे आणि पंखे इतके घुमत की मावशी म्हणे, तुझी गिरणी बंद कर, मला रेडिओ ऐकू येत नाही. म्हणून मशीन पाण्याने थंड करायचे मी ठरवले. त्यात एक छोटी टाकी, पंप, रेडिएटर आणि नळ्या असतात. पंप पाणी फिरवतो आणि ते पाणी आतल्या भागांची उष्णता बाहेर आणते. तयार संच न घेता सुटे भाग आणून मी स्वतः जोडणी केली. प्लॅस्टिकच्या नळ्या गरम हवा सोडणाऱ्या हीट गनने वाकवल्या. पहिल्या दोन चपट्या होऊन वाया गेल्या. मावशीने तिच्या टेपने अंतरे मोजून दिली आणि कापलेल्या नळ्यांची तोंडे कानशीने घासून दिली. चार रविवार आम्ही हे करत होतो.

सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने मला बजावले होते की, शोभेचे रंगीत पाणी नंतर, आधी डिस्टिल्ड वॉटर भरा. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा आणि चोवीस तास नुसता पंप चालवा. तोवर बाकी कशालाही वीज देऊ नका. मी हो म्हणालो होतो.

८ तारखेला, रविवारी, सकाळी ९ वाजता मी पाणी भरून पंप चालू केला. बशीत एक रबरी कडी उरली होती. अशी एकेक कडी प्रत्येक सांध्यात बसते, तिच्यामुळे पाणी आत राहते. दुकानदाराने एखादी जास्तीची दिली असेल असे मी धरून चाललो. ११.३० वाजता खालच्या सांध्याचा कागद बोटभर ओला दिसला. भरताना सांडले असेल म्हणून मी कागद बदलला. असा नळ कारखान्यात मी बाजूला काढला असता. १२ वाजता मी सगळी वीज जोडली, गेम चालू ठेवला आणि अंघोळीला गेलो. चोवीस तासांपैकी तीन तास झाले होते.

१२.२० च्या सुमारास धपकन आवाज आला. मशीन टेबलावर होते आणि वायरींचा बोर्ड त्याखाली जमिनीवर. जळका वास आला म्हणून मावशी प्लग काढायला वाकली होती. झटका बसून ती मागे शिलाई मशीनच्या पायावर आपटली. उजव्या हाताची तीन बोटे भाजली व खुब्याचे हाड मोडले. मी मेन स्विच बंद केला. टेबलावरचा तिचा पाण्याचा पेला आडवा पडलेला होता.

दवाखान्यातून ५ वाजता कपडे आणायला घरी आलो तेव्हा मी दुसऱ्या प्लगवर नुसता पंप लावून पाहिला. खालच्या सांध्यातून दर चार सेकंदांनी एक थेंब पडत होता. मी घड्याळ लावून पाहिले. नंतर उरलेली कडी त्या सांध्यात बसवली, सगळे पुसले, ओले कागद फेकून दिले आणि कपडे घेऊन परत गेलो.

९ तारखेला हवालदारसाहेब वॉर्डात आले. मावशीने सांगितले की तिचाच पेला कलंडून पाणी खाली बोर्डवर गेले, हल्ली तिच्या हातून वस्तू सुटतात. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मला विचारल्यावर "तसेच झाले असावे" असे मी म्हणालो. तो माझा पहिला जबाब. तो खोटा आहे. साहेब गेल्यावर मावशीने माझीच माफी मागितली, की तू एवढ्या हौसेने केलेस आणि मी त्यावर पाणी ओतले. मी "असू दे" म्हणालो.

त्यानंतरच्या आठवडाभरात मावशीने शिलाई मशीन खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकायला लावले. मी ते दोन माणसे लावून खाली पोचवले. तिने मला वृद्धाश्रमाचा फॉर्म आणायला सांगितला. ज्या घरात आपल्या हातून असे घडते तिथे राहायला आता तिला भीती वाटते, असे ती म्हणाली. तिचा हात बांधलेला असल्याने फॉर्म मी भरला. दाखल होण्याचे कारण या रकान्यात "विसराळूपणा" असे माझ्या अक्षरात आहे. खाली तिचा डाव्या हाताचा अंगठा आहे.

तो फॉर्म तीन दिवस माझ्या खिशात होता. काल १८ तारखेला दुपारी ४ वाजता, भेटीच्या वेळेत, मी मावशीला सगळे सांगितले. तिने बांधलेल्या हाताकडे बघितले. मग तिने विचारले, "म्हणजे माझा हात नीट होता?"

मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे पाणी मागितले. पेला तिने डाव्या हातात स्वतः धरला. पिऊन झाल्यावर म्हणाली, "मला सांगून काय होणार? मी काय, माफच करणार. जिथं माफ करत नाहीत तिथं जाऊन सांग."

म्हणून मी आलो आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उरलेल्या कडीसह ते मशीन, भरलेला फॉर्म आणि जळका बोर्ड मी सोबत आणले आहेत, ते जमा करून घ्यावेत.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. पाचव्या परिच्छेदात "चुकून वीज जोडली" असे लिहिले गेले होते. त्यातला "चुकून" हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला असून त्याजागी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितल्याबरहुकूम आहे.