पट्ट्यावरचं करडीचं तेल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या फ्लाइंग क्लबचे संस्थापक-अध्यक्ष आदरणीय नानासाहेब, व्यासपीठावर बसलेले कार्यकारिणीचे सन्माननीय सभासद, छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर आज निवृत्त होणारे आपले मेकॅनिक सरदारभाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी नजमुन्निसा भाभी, आणि माझं भाषण संपल्याशिवाय जेवणाची पंगत बसणार नाही हे ठाऊक असूनही शांत असलेल्या बंधू-भगिनींनो,

सरदारभाईंचा जन्म पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या साली सिल्लोडला झाला. वडील तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये मोटारी दुरुस्त करायचे. माझ्या आधीच्या चार वक्त्यांनी त्यांना 'शांत, सोशिक, मितभाषी' म्हटलं. मितभाषी माणूस कार्यकारिणीला का आवडतो, हे मी वकील म्हणून चांगलं जाणतो. तो उलटतपासणी करत नाही.

नव्या सभासदांसाठी अकरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. नानासाहेब, पाणी घ्या. थोडी लांब आहे.

दसऱ्याला आपण विमानाची पूजा करतो. झेंडू सरदारभाईच आणतात, नारळही तेच फोडतात. त्या वर्षी नानासाहेबांना भक्तीचं भरतं आलं. त्यांनी तेलात कालवलेला शेंदूर पंख्याला लावला. वाटी संपेना, म्हणून उरलेलं सगळं पंख्यामागच्या नाकपुड्यांतून, म्हणजे हवा आत जायच्या भोकांतून, इंजिनात ओतलं.

सरदारभाई म्हणाले, "साहेब, बाहेर लावा. आत पट्टा हाय. त्याला तेल चालत नाय."

नानासाहेब म्हणाले, "सरदार, देवाला काय चालतं ते तू मला सांगणार व्हय?"

आणि फर्मान निघालं की पूजा झालेलं इंजिन सव्वा महिना उघडायचं नाही. हा नियम कोणत्या शास्त्रात आहे? मी बरीच पुस्तकं चाळली आहेत. सापडला नाही.

आता विमानाची वीज म्हणजे काय? इंजिन पट्टा फिरवतं, पट्टा अल्टरनेटर फिरवतो, अल्टरनेटर बॅटरी भरतो. समोर एक मीटर असतो. काटा उजवीकडे तर बॅटरी भरतेय, डावीकडे तर रिकामी होतेय. पूजेनंतर तिसऱ्या दिवशी दिवे आणि रेडिओ लावले की काटा डावीकडे जायला लागला.

सरदारभाईंनी नोंदवहीत लिहिलं: "पट्टा पाहिल्याशिवाय विमान उडवू नये." एक ओळ. कार्यकारिणीनं त्यावर दोन बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत नवी बॅटरी मंजूर झाली. नवी बॅटरी दुकानातून भरूनच आलेली असते, म्हणून दोन दिवस सगळं झकास चाललं. आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. तिसऱ्या दिवशी काटा पुन्हा डावीकडे. दुसऱ्या बैठकीत ठरलं की मीटरच खोटं बोलतोय. नवा मीटर आणला. तोही जुन्याच पक्षाचा निघाला!

मग दिल्लीचे एक बडे पाहुणे आले. त्यांना आकाशातून अजिंठ्याचे डोंगर पाहायचे होते. सरदारभाईंनी सही नाकारली. नानासाहेबांनी नोंदवहीवर स्वतः सही ठोकली. पायलट बद्रीनाथराव, तुम्ही समोरच बसला आहात, सांगा काय झालं? नको, मीच सांगतो. सोयगावच्या पुढं गेल्यावर रेडिओ मुका झाला. इंजिनाच्या ठिणगीची सोय वेगळी असते, म्हणून पंखा फिरत राहिला, म्हणून आज आपण बद्रीनाथरावांना पाहतो आहोत. चिकलठाण्याच्या टॉवरनं उतरायच्या परवानगीचा हिरवा दिवा दाखवला आणि उतरताना वेग कमी करणारे फ्लॅपही विजेवरचेच, म्हणून ते फ्लॅपविना उतरले. पाहुणे उतरले ते थेट गाडीत बसले. चहालाही थांबले नाहीत.

संध्याकाळी कार्यकारिणीनं गुन्हेगार शोधला. सरदारभाई! "कामात हलगर्जीपणा." मेमो निघाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणाला न विचारता इंजिन उघडलं. अल्टरनेटरची चाकी बोटांनी ढकलली. पट्टा जागच्या जागी आणि चाकी खालून गर्रकन फिरली! थोडी वीज लागे तोवर पट्टा तग धरायचा, ओझं वाढलं की घसरायचा. त्यांनी नखानं पट्टा खरवडला आणि निघालेलं शेंदराचं लाल मेण तळहातावर घेऊन बैठकीत आले. नानासाहेबांनी वास घेतला.

"हे कसलं तेल?"

"करडीचं, साहेब. तुमच्याच घरचं."

त्यांनी पट्टा बदलला, चाकी पुसली, काटा उजवीकडे गेला. इतिवृत्तात आम्ही काय लिहिलं? "दोष आपोआप दूर झाला." आपोआप! या देशात चुका नेहमी खालच्या माणसाच्या हातून होतात आणि दुरुस्त्या आपोआप होतात. मेमो मात्र फाइलमध्ये राहिला.

तो आजही तिथं आहे. शेंद्र्याच्या तंत्रशाळेनं सरदारभाईंना सोमवारपासून शिकवायला बोलावलंय, पण त्यांना निष्कलंक सेवेचा दाखला हवा. थोड्या वेळानं शालीबरोबर जो दाखला देणार आहोत, तो मी मघाशी वाचला. त्यात लिहिलंय: "एक मेमो, हलगर्जीपणाबद्दल."

काय म्हणालात नानासाहेब? जरा मोठ्यानं. "ठराव लागतो." बरोबर. तुम्ही आणि मी धरून कार्यकारिणीचे पाचही सभासद या व्यासपीठावर आहेत. गणसंख्या पूर्ण, सूचक मी. ठराव असा: पट्ट्यावर तेल अध्यक्षांनी ओतलं, सरदारभाईंनी आधीच बजावलं होतं, मेमो रद्द. अनुकूल सभासदांनी हात वर करावेत.

एक. दोन. तीन. माझा चौथा.

सरदारभाई, तुम्ही बसा. "राहू द्या वकीलसाहेब, जेवण थंड होतंय" असं आज चालणार नाही. अकरा वर्षं तुम्ही हेच म्हणालात, म्हणून आमचं फावलं.

नानासाहेब? बहुमत झालंय, तुमच्या हातावाचून अडलेलं नाही. तरी मी थांबतो.

...पाच. एकमतानं! टाळ्या त्यांच्यासाठीही वाजवा, त्या हाताला वर यायला अकरा वर्षं लागली. चिटणीस, दाखला आत्ता नव्यानं लिहा, आणि नानासाहेबांची सही झाल्यावरच पानं वाढा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात वडीलधाऱ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर सभेनं मला क्षमा करावी. पण त्या मेमोचा मसुदा मीच केला होता. 'हलगर्जीपणा' हा शब्द माझा. त्याची क्षमा सभेकडं मागून भागणार नाही. सरदारभाई, ती मी तुमच्याकडं मागतो.