पानदान आलंय

हॅलो? हॅलो?... सोलापूर ना?... कोण, महेबूबभाई का? मी सारजाबाई, नळदुर्गहून. डाकघरातून बोलतेय. ताहेराला द्या की जरा... न्हाय, न्हाय, कुणाला काही झालं न्हाय. सगळी धडधाकट आहेत. द्या लवकर, मध्येच तोडतात हे लोक.

...ताहेरा? अगं ओरडू नको, येतंय ऐकू. ऐक... तुझं पानदान आलंय!

पानदान गं! पितळेचं, झाकणाला पोचा आलेलं... व्हय, तेच. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत गेलेलं... कुठं म्हणजे? शाळेत. अंबादास मास्तरांनी एक खोली उघडलीय. संग्रहालय म्हणतात. तू अजायबखाना म्हण... रझाकारांच्या वेळी आमची घरं लुटली, मागनं तुमची. ज्याच्या घरात दुसऱ्याचं काही असेल, त्यानं गुपचूप तिथं ठेवून जायचं.

कुणी आणलं? मला काय ठाऊक!... हो, हो... अगं ऐक ना! विचारायचंच न्हाय, असा कायदाच आहे मास्तरांचा.

पार्सल? ते न्हाय जमायचं. ज्याची वस्तू त्यानं स्वतः यायचं. पोरांपुढं बसून ती वापरून दाखवायची, मग घरी न्यायची...

तमाशा कसला त्यात? माझा खलबत्ता न्हवता का रझाकारांच्या वेळी गेलेला? तोही आला. मग बसले मी, अन् कुटली लाल मिरची. खिडक्या बंद! मास्तर शिंकले, पोरं शिंकली, दारात जमलेलं गाव शिंकलं. नेणारा त्यातच असणार गं. पण सगळ्यांचीच नाकं लाल, सगळ्यांचे डोळे पाण्यानं भरलेले... त्यात चोर कुठला हुडकायचा? मलाच हसू फुटलं... हं, हस. किती दिवसांनी हसलीस.

...व्हय. व्हय गं. पाहिलंय मी, काय काय झालं ते... घर आहे तसंच आहे. कडी मीच घातलीय. तुझ्या कोंबड्या माझ्याकडं आहेत, अंगणभर झाल्यात. मला टोचतात मेल्या.

माफ कर म्हणतंय कोण तुला? नको करू! तू फक्त पानं लाव अन् सगळ्यांच्या हातावर ठेव. चुना लाव हवा तेवढा. ज्यानं नेलं त्याचं तोंड भाजेल, माझंही भाजेल. भाजू दे.

...काय हो पोस्टमास्तर? वेळ झाली? थांबा की, बायामाणसाचं बोलणं असं लगेच आटपतं का?

ताहेरा, ऐक. भिंतीपलीकडून तुझ्या अडकित्त्याचा आवाज येत न्हाय, तर दुपारी डोळा लागत न्हाय मला. खरं सांगते.

...काय? मोठ्यानं बोल... कात? इथं कात चांगला मिळतो का म्हणतेस?... छे, इथला कात म्हणजे माती! सोलापूरहूनच आण... आण म्हणजे... अगं, येतेस तू? ताहेरा? हॅलो?... हॅलो?...

तुटला मेला.

न्हाय, न्हाय, पोस्टमास्तर, पुन्हा नका लावू. हात जोडते. आता लावला तर न्हाय म्हणंल.