बोटीविना सत्कार

बेबीबाई : जीपीले दोर कायले बांधला? मले आधी ते सांगा.

दौलतसिंग : बोट नाही म्हून.

बेबीबाई : नाही तं नाही. शाल घ्या, नारळ घ्या, चार शब्द बोला अन् घरी चला. सत्काराले दोर लागते, हे मी आजच ऐकून राह्यली.

दौलतसिंग : मंडपातला फ्लेक्स पाह्यला का तू?

बेबीबाई : पाह्यला. फोटो बरा हाय. मिशी काळी केली त्याईनं.

दौलतसिंग : फोटोच्या खाली काय लिवलं?

बेबीबाई : मले वाचता आलं असतं तं तुमच्यासंग लग्न केलं असतं का?

दौलतसिंग : निता, वाच तुह्या आत्यापुढे.

निता : “तांड्याचे भूषण, माजी सुभेदार दौलतसिंग राठोड यांचा भव्य सत्कार. सकाळी अकरा वाजता सुभेदारसाहेब तलावात पाण्यावर चालून दाखवतील. सर्वांनी यावे.”

बेबीबाई : कोणाच्या बापानं लिवलं हे?

निता : माझ्याच.

बेबीबाई : राजपालनं?

निता : बाबाच सचिव आहेत समितीचे. मी सकाळी त्यांना विचारलं, बोट कुठं आहे? तर म्हणतात, बोट कायले? तुहे मामाजी पाण्यावर चालतेत नं! बोटीत बसून तं कोणीबी जाते.

दौलतसिंग : तीस वर्षं झाली तुह्या भावाले सांगून राह्यलो, बेबी. बोट पुढे पयते. बोटीले दोर. दोर धरून मांगं मी, पायात काही नाही. बोट तासाले साठ किलोमीटरनं पयाली का पाणी पायाखाली टणक होते. बोट थांबली का माणूस बुडाला. यात समजाले काय कठीण हाय?

बेबीबाई : तुमी सांगतलं, त्यानं ऐकलं नाही. आमच्या घरात तसंच हाय.

दौलतसिंग : मंडप घातला, डफडं आणलं, तीनशे माणसाचं जेवण सांगतलं. अन् बोट नाही!

निता : पोहरादेवीकडून दोन टेम्पो आले, मामाजी. रिठदचे पाव्हणेही आलेत. एक म्हातारी लोटा घेऊन बसली आहे काठावर. तुमी जिथून चालाल तिथलं पाणी तिला न्यायचं आहे. तिची म्हैस आटली म्हणे.

दौलतसिंग : घ्या! आता मले महाराज करून टाका.

बेबीबाई : मंग जाऊन सांगा लोकाईले, बोट नाही, पुढच्या साली पाहू. लोक जेवतीन, जातीन.

दौलतसिंग : अन् मोहनसिंग काय म्हणन?

बेबीबाई : तो काय म्हणते हे कोण ऐकते?

दौलतसिंग : पुरा तांडा ऐकते. शाळेच्या ओट्यावर बसून सांगते तो, दौलतसिंग फौजेत स्वयंपाकी होता म्हणे. बिल्ले बाजारातून आणले म्हणे. याच खेळात नॅशनलले सहा वेळा पयला आलो, बेबी. एकदा बँकॉकले जाऊन आलो. अन् या तांड्यातल्या एका माणसानं मले पाण्यावर उभं पाह्यलं नाही. एका बी नाही. बिल्ले पिठाच्या पिप्यात पडले हायत.

बेबीबाई : पिप्यात नाहीत. पेटीत हायत, माह्या लुगड्याखाली.

दौलतसिंग : आज दाखवतो. हे चेन वर ओढ जरा.

बेबीबाई : नाही ओढत.

दौलतसिंग : बेबी.

बेबीबाई : चौदा वर्षं झाली हा रबराचा सूट घालून. तुमी वाढले, सूट थोडीच वाढला? आत पोटाले श्वास घ्याले जागा नाही. अन् डॉक्टरनं छातीत, काळजाच्या नसेत जाळी बसवली, तिले दहा महिने झाले. काय सांगतलं त्यानं?

दौलतसिंग : चालत जा म्हणे रोज.

बेबीबाई : जमिनीवर!

दौलतसिंग : निता, तू ओढ.

निता : मी पण नाही ओढणार.

दौलतसिंग : हे काय? बगावत हाय का?

निता : मामाजी, तुमचं वजन किती?

दौलतसिंग : ऐंशी.

निता : दवाखान्याच्या कागदावर ब्याऐंशी होतं. तुमीच पाठ करून घेतलं आहे माझ्याकडून, जेवढं वजन तेवढा वेग. ब्याऐंशी किलोला साठच्या वर पाहिजे, नाहीतर तळवा पाण्यात घुसतो. बरोबर?

दौलतसिंग : बरोबर.

निता : शफीकचाचांनी आता जीपच्या दोन चकरा मारल्या तलावाच्या भिंतीवर. पन्नासच्या पुढं गेलं की स्टेअरिंग हातात थरथरते म्हणाले. वरचा मुरूम सुटला आहे, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वीस फूट खाली वावर.

दौलतसिंग : शफीक मेकॅनिक चांगला हाय, पण भेकड हाय. थांब, फोन लावतो. हॅलो, शफीक? काहून बे, जीप पासष्टनं जाते का नाही? ... सडकेवर नाही, भिंतीवर. ... अरे, दोन मिनटाचं काम हाय. ... काय? ... बरं. ... बरं, सरवरी भाभीले सांगू नको मंग, अजून काय!

बेबीबाई : काय म्हणे?

दौलतसिंग : म्हणे, साठनं नेतो, पण आधी घरी फोन करून माफी मागून घेतो.

बेबीबाई : तेवढीच अक्कल राह्यली हाय तालुक्यात, अन् तीबी त्या शफीकपाशी.

निता : पन्नासनं तुमी उभे राहणार नाही. तो दोर तुमाला नुसता ओढत नेईल, तीनशे लोकांपुढं. तुमाला माहीत आहे हे.

दौलतसिंग : मले माहीत हाय.

निता : मग?

दौलतसिंग : मंग काय! सहाशे मीटरची भिंत हाय. दीडशे मीटर वेग घ्याले, दीडशे थांबाले. मधात तीनशे भेटतीन. पन्नासनं बावीस सेकंद होतात. त्यातले तीन सेकंद जरी मी उभा राह्यलो तं...

बेबीबाई : तीन सेकंदासाठी मले पांढरं कपाळ देता का?

दौलतसिंग : तू लगेच तिथंच जाते.

बेबीबाई : मंग कुठं जाऊ? तुमी फौजेत गेल्ते, खडकीले, बँकॉकले. मी कुठं गेली? मी इथंच होती.

निता : मामाजी, मी जाते.

दौलतसिंग : कुठं?

निता : दोरावर. माझं वजन सेहेचाळीस. मला अठ्ठेचाळीस-पन्नासचा वेग पुरतो. चाचांची जीप तेवढी जाते.

दौलतसिंग : तू किती वेळ उभी राह्यली आतापर्यंत? जास्तीत जास्त?

निता : चार सेकंद.

दौलतसिंग : कुठं?

निता : पाटात.

दौलतसिंग : पाटात पाणी वाहते. आपुन उलट्या दिशेनं ओढतो, म्हून चार-पाचचा वेग फुकट भेटते. हे तलावाचं पाणी हाय, मेलेलं. इथं सगळं जीपीलेच द्या लागन.

निता : देईल की.

बेबीबाई : थांबा, थांबा. अन् ही पोरगी काय फुकट आली? तो दगडाचा उतार पाह्यला का तुमी भिंतीचा? एवढाले गोटे हायत. दोरानं भिंतीकडे ओढलं तं?

दौलतसिंग : ओढते. जीप वर, माणूस खाली, दोर भिंतीकडेच ओढते. म्हून पुरा वेळ आंग पाण्याकडे झुकवून ठेवा लागते. पाटात हे नाही शिकली ती.

बेबीबाई : मंग नको! कोणीच नको. मी जातो मंडपात अन् सांगतो, माह्या नवऱ्याले येत नाही. खोटं होतं सारं. स्वयंपाकी होता.

दौलतसिंग : बेबी!

बेबीबाई : हाव, सांगतो. मोहनसिंग खुश होऊन जाईन. तुमी जिते राहसान.

निता : आत्या, मी नववीत होते तेव्हा यांनी आमाला तलावात उतरवलं. सतरा पोरी होतो. सगळा तांडा बोंबलत होता, पोरी पॅन्ट घालून पाण्यात जातात म्हणून. बाबा तर काठी घेऊन आले होते. यांनी काय केलं आठवते? बाबालाच हात धरून पाण्यात ओढलं. म्हणे, आधी तू बुडून दाखव, मग पोरी बाहेर काढतो.

बेबीबाई : त्या दिवशी राजपाल आठ दिवसाची आंघोळ करून आला.

निता : त्या सतरांतल्या तिघी पोलिसात आहेत, एक अकोल्याला पोहणं शिकवते. मोहनसिंगची चंदा पण त्यातलीच. हे त्याला कोणी सांगत नाही ओट्यावर.

दौलतसिंग : ते वेगळं. पोहणं वेगळं, हे वेगळं.

निता : तुमी मला का शिकवलं मग? तीन हिवाळे पाटाचं पाणी सुटलं की पहाटे उठवत होते. चाचांच्या जीपमध्ये डिझेल टाकत होते. दोनशे वेळा तोंडावर आपटले मी, नाकातून रक्त आलं, तर म्हणे माहं पाचशे वेळा आलं, तुहे अजून तीनशे बाकी आहेत. फोटो काढायला शिकवलं का?

दौलतसिंग : तू पडली तं?

निता : तर निता पडली. तुमचं काय जाते?

दौलतसिंग : माहं काय जाते हे तुले नाही समजणार. आज माहं नाव हाय फ्लेक्सवर. लोक मले पाहाले आलेत.

बेबीबाई : मलेबी पाहाचं होतं.

दौलतसिंग : काय?

बेबीबाई : एकदा. मलेबी पाहाचं होतं. दरसाली सुट्टीवर याचे अन् म्हणाचे, पुढच्या साली तुले नेतो. क्वार्टर भेटलं तं म्हणे म्हशी कोण पाहीन. म्हशी विकल्या तं म्हणे आता माय बिमार हाय. माय गेली तं तुमी रिटायर झाले. मी कोणापाशी काही बोलली नाही.

दौलतसिंग : मलेबी नाही बोलली.

बेबीबाई : तुमाले समजाले पाह्यजे होतं. पण मले तुमाले पाण्यावर पाहाचं होतं. पाण्यातून काढताना नाही पाहाचं.

निता : मामाजी, बाबा हात करून राहिले मंडपातून. पावणेअकरा झाले.

दौलतसिंग : करू दे. बेबी, हे चेन खाली ओढ.

बेबीबाई : खाली?

दौलतसिंग : खाली. जीव गुदमरून राह्यला माहा. निता, माहा सूट तुले ढिला होईन, तुहा कुठं हाय?

निता : अंगावर आहे. ड्रेसच्या आत घालूनच आले.

दौलतसिंग : म्हणजे तू घरूनच ठरवून आली?

निता : बाबा बोट कायले म्हणाले, तेव्हाच ठरलं.

दौलतसिंग : ऐक आता. मधात बोलाचं नाही. पाण्यात पाठीवर झोप. दोर दोन पायाच्या मधात. जीप निघाली का पाणी तोंडावर येईन, श्वास धरून राह्य. घाई करून बसू नको. खालचं पाणी आवाज कराले लागन, फडफड कराले लागन, तवा बैस. मंग टाचा ठिव. टाचाच. अंगठे वर. क्लिअर?

निता : क्लिअर.

दौलतसिंग : उभी झाली का डावा खांदा पाण्याकडे टाक. भिंतीकडे पाहू नको. जिकडे पाहशीन तिकडेच जाशीन. दोर भिंतीकडे ओढाले लागला, अन् तुह्यानं आवरलं नाही, तं काय करशीन?

निता : धरून ठेवीन.

दौलतसिंग : चूक! सोडून देशीन. त्याच घडीले. लोक हासले तं हासू दे. कितीबी सेकंद झाले असू दे, सोडून देशीन. बोल.

निता : सोडून देईन.

दौलतसिंग : पुन्हा.

निता : सोडून देईन, मामाजी.

दौलतसिंग : जाय. हॅलो, शफीक? मी नाही, पोरगी येऊन राह्यली. सेहेचाळीस किलो. काटा पन्नासवर आणजो अन् तिथंच ठिवजो. एकोणपन्नास नाही, एक्कावन्न नाही. कडूनिंबाच्या झाडापाशी ब्रेक. मांगं पाहू नको, मांगं मी पाहतो. ... हाव, आता भाभीले फोन नको करू.

बेबीबाई : फोन झाला. हात रिकामा झाला तुमचा.

दौलतसिंग : मंग?

बेबीबाई : माह्या हातात द्या.

दौलतसिंग : लोक पाहून राह्यले, बेबी.

बेबीबाई : लोक तलावाकडे पाहून राह्यले.

(जीप भिंतीवरून सुटते. दोर ताणला जातो.)

दौलतसिंग : झोप... झोपूनच राह्य... घाई नको... आता नाही...

बेबीबाई : दिसून नाही राह्यली मले! कुठं हाय?

दौलतसिंग : त्या पाण्याच्या फवाऱ्यात. आता! बैस! टाचा... टाचा ठिव...

बेबीबाई : अवो!

दौलतसिंग : एक. दोन. खांदा टाक, निता, खांदा! तीन.

बेबीबाई : भिंतीकडे येऊन राह्यली ती!

दौलतसिंग : चार. सोड... सोड म्हणतो... नाही, थांब. गेली. गेली पाण्याकडे! पाच. सहा.

बेबीबाई : तिच्या पायात काहीच नाही वो.

दौलतसिंग : काहीच नाही. सात. आठ.

बेबीबाई : मोहनसिंग खुर्चीवर उभा झाला.

दौलतसिंग : मले नको सांगू. नऊ. दहा. अकरा. बस्स. सोडलं तिनं. चांगलं सोडलं.

बेबीबाई : बुडाली का?

दौलतसिंग : नाही. हात वर करून राह्यली, ते पाह्य.

बेबीबाई : अकरा सेकंद?

दौलतसिंग : अकरा. साडेअकरा असतीन. आपुन अकराच धरू.

बेबीबाई : राजपाल शाल घेऊन पयत येऊन राह्यला. तिच्याकडे चालला का तुमच्याकडे, समजून नाही राह्यलं.

दौलतसिंग : तिच्याकडे जाऊ दे. ओली हाय ती.

बेबीबाई : अवो.

दौलतसिंग : हं.

बेबीबाई : तुमीबी असेच दिसत होते का?

दौलतसिंग : काय मालूम, बेबी. बाहेरून मीबी आजच पाह्यलं.