दहा स्क्रू

लेक : नाही हो, लॅपटॉप सुरूच होत नाही! तीस सेकंद बटण दाबून धरलं, चार्जर काढून पुन्हा लावला. ढिम्म आहे.

दुरुस्तीवाला (फोनच्या स्पीकरवर) : ताई, दमानं घ्या. चार्जरचा दिवा लागतोय?

लेक : तो लागतोय. अकराला यावरच माझी ऑनलाइन मुलाखत आहे, दहा वाजून गेलेत. तीन वर्षांचे नकाशे यात आहेत, दुसरीकडे कुठेच ठेवले नाहीत. दुकानात घेऊन येऊ?

दुरुस्तीवाला : मीच दुकानात नाही, दुपारी येईन. पाणीबिणी सांडलं होतं का?

लेक : छे! काल बंद केला तेव्हा ठणठणीत होता.

आई : पाणी नाही सांडलं.

लेक : आई, तू जरा थांब गं.

आई : पाणी नाही म्हणतेय. स्पिरिट.

लेक : काय?

आई : सकाळी पुसून घेतला. किती कळकट झाला होता तो! बोळा जरा जास्तच भिजला असेल.

लेक : आई, हे तुझं ऑपरेशन थिएटर नाही! रिटायर होऊन सहा वर्षं झाली, अजून दिसेल ते स्पिरिटनं पुसत सुटतेस!

आई : तू चार लोकांसमोर बसणार, म्हणून...

लेक : खरं सांग. एवढ्या लांबची नोकरी मला मिळूच नये, असं वाटतं ना तुला?

आई : वाटतं. रोज वाटतं. पण म्हणून मी असलं करेन?

दुरुस्तीवाला : अहो, भांडण नंतर करा! स्पिरिट उडून जातं, वाचेल तो. चार्जर काढा, लॅपटॉप पालथा घाला. बारीक स्क्रू-ड्रायव्हर आहे घरात? खालचं झाकण उघडायचं.

लेक : आहे, पण एवढे बारीक स्क्रू मला नाही जमायचे.

आई : आण इकडे. तू टॉर्च धर. वरून नको, उजवीकडून. आणि डोकं मध्ये घालू नकोस, मला दिसत नाही.

दुरुस्तीवाला : काकू, बॅटरीची वायर दिसली? तिची पिन नखानं हळूच मागे ओढा.

आई : निघाली. इथे ओल आहे, कापसानं टिपू?

दुरुस्तीवाला : नको, धागे राहतील. पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा. मी करतो परत फोन.

(वीस मिनिटांनी. फोन पुन्हा स्पीकरवर.)

लेक : दहा पस्तीस! लाव ना झाकण, कशाला थांबलीस?

आई : पिन लावली. पण स्क्रू नऊच आहेत. दहा काढले होते.

लेक : एकानं काय अडतंय!

दुरुस्तीवाला : चालतं काकू. आमच्याकडे तर नेहमी दोन उरतात.

आई : तुमच्याकडे उरत असतील. तीस वर्षांत अवजारांची मोजणी जुळल्याशिवाय मी डॉक्टरांना टाका घालू दिला नाही. तुझी मूठ उघड बघू.

लेक : अगं बाई! माझ्याच हातात! घाईत उचलला असेन.

आई : दहा. बसले सगळे. आता दाब बटण.

लेक : काही नाही... थांब, थांब... लागला! आई, लागला! सगळे नकाशे आहेत!

दुरुस्तीवाला : झालं ना? ठेवतो मग. ऑल द बेस्ट, ताई!

लेक : आई, मघाशी मी भलतंच बोलले.

आई : ते राहू दे. केस नीट कर, दहा मिनिटं उरलीत.

लेक : आणि मिळाली नोकरी तर?

आई : तर रडेन दोन दिवस. मोजणी जुळल्यावर पेशंटला टेबलावर अडकवून ठेवत नाहीत गं. बस तू, मी दार ओढून घेते.